मधुमक्याचे दाणे पिठूळ का निघतात? आमच्याकडून बियाणे नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी माहिती

कणीस भरलेले दिसते, पण मधले काही दाणे पिठूळ लागतात आणि व्यापारी माल परत पाठवतो, अशी तक्रार दर हंगामात आमच्या दुकानात येते. बियाण्यात भेसळ असावी, अशी शंकाही सोबत येते. पैसा आणि कष्ट आपले असल्यामुळे ही शंका आम्हाला गैर वाटत नाही. म्हणूनच मधुमका गोड कशामुळे होतो आणि ती गोडी शेतातच कशी जाते, हे येथे सविस्तर सांगत आहोत.

साध्या मक्याच्या दाण्यात पानांकडून आलेली साखर पिष्टात (स्टार्चमध्ये) बदलत जाते. हा बदल घडवणाऱ्या एका मुख्य विकराचा (एन्झाइमचा) एक भाग ‘श्रंकन-2’ नावाच्या जनुकामुळे तयार होतो. आम्ही विकतो त्या सुपर स्वीट वाणांत उत्परिवर्तनामुळे हा जनुक निकामी झालेला असतो. त्यामुळे पिष्ट फार कमी बनते आणि साखर दाण्यातच साठून राहते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी 1953 मध्ये या दाण्यांतील साखरेवरचे संशोधन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यातूनच सुपर स्वीट वाण तयार झाले. यात बाहेरचा कोणताही जनुक घातलेला नाही, हे विचारणाऱ्यांसाठी मुद्दाम नमूद करतो.

अडचण अशी की, गोडीसाठी या जनुकाच्या सगळ्या प्रती निकामीच असाव्या लागतात. मक्याच्या दाण्याच्या गरात त्याच्या तीन प्रती असतात, दोन आईकडून आणि एक परागाकडून. शेजारच्या साध्या मक्याचा परागकण कणसाच्या केसावर पडला की त्याच्यासोबत एक चांगली प्रत येते, ती एकटी पिष्ट बनवायला पुरते आणि तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. हापूसच्या फुलावर कोणत्या झाडाचा पराग पडला यावर गराची गोडी ठरत नाही, कारण तो गर त्या झाडाचाच असतो. मक्यात मात्र आपण बीच खातो. शिवाय कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा असल्यामुळे, जितके केस परक्या परागाला सापडतील तितके दाणे बिघडतात.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, लागवडीपूर्वी बांधापलीकडे काय पेरले आहे, हे पाहूनच जागा ठरवावी. हिरव्या चाऱ्याचा किंवा मुरघासाचा मका कापून जाणार असल्यामुळे त्याचा त्रास होणार नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कापणीपूर्वीच तुरे निघून पराग झडलेला असतो. आम्ही किमान 250 मीटर अंतर ठेवायला सांगतो. ते शक्य नसेल तर दोन्ही पिकांच्या फुलोऱ्यात 20 दिवसांचे अंतर ठेवावे. हे अंतर पेरणीच्या तारखांत मोजू नये, कारण उंच, उशिरा येणारा चाऱ्याचा मका आधी पेरला तरी त्याचा तुरा नेमका आपल्या कणसांना केस येतात तेव्हाच निघू शकतो. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात ‘शुगरी-1’ हा वेगळाच जनुक निकामी असतो. तो शेजारी लावला तर दोघेही एकमेकांची उणीव भरून काढतात आणि दोन्ही शेतांत पिठूळ दाणे दिसतात.

पिशवीतले बी सुरकुतलेले आणि हलके असते, म्हणून काही जण ते परत आणतात. पिष्ट कमी असल्यामुळे वाळल्यावर हे दाणे असेच दिसतात. उलट गुळगुळीत, फुगीर दाणा बीजोत्पादनात परका पराग मिसळल्याची खूण असते आणि आम्ही असे दाणे वेचून बाजूला काढूनच पिशव्या भरतो. या निवडीमुळे भाव थोडा चढा राहतो, हे आम्हाला मान्य आहे. ‘चांगले भरलेले’ दाणे निवडून पेरू नयेत. कोंबाला बियातून मिळणारे अन्न कमी असल्यामुळे टोकणी वाफशावर आणि सुमारे 3 सेंटीमीटर खोलीवरच करावी.

तरीही तक्रार उद्भवली, तर शेताच्या कडेची आणि मधली अशी काही कणसे पूर्ण वाळू द्यावीत आणि फुगीर दाणे मोजावेत. एका बाजूच्या कडेला ते जास्त असून आत कमी होत गेले असतील, तर पराग त्या बाजूने आला आहे. शेतभर विखुरलेल्या मोजक्या झाडांच्या कणसांत मात्र जवळजवळ निम्मे दाणे फुगीर असतील, तर दोष बियाण्याचा समजून आम्ही पिशवी बदलून देतो. त्यासाठी बिल आणि लॉट नंबर असलेली पिशवी काढणीपर्यंत जपून ठेवावी. पेरणीपूर्वी शेताचा कच्चा नकाशा आणि शेजाऱ्यांच्या पेरणीच्या तारखा घेऊन आलात, तर आपल्या वाणाचा फुलोरा कधी येईल हे धरून पेरणीची तारीख आम्ही विनामूल्य ठरवून देतो.