झडप बदलल्यावर गेलेला तोल : ‘अशक्तपणा’मागचा जुना इतिहास

मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दावर फार ओझं आहे. बीपी उतरून डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, खोली गरगर फिरली तरी चक्कर, आणि फरशीवर चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटलं तरी चक्करच. हृदयाची झडप बदललेला माणूस महिन्याभराने फेरतपासणीला येऊन ‘चक्कर येते’ म्हणतो, तेव्हा आधी बीपी बघतात, मग हिमोग्लोबिन, ईसीजी, इको. नवी झडप उत्तम चाललेली असते. ‘मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच’ असं ऐकून तो घरी जातो. कानाचा विचार बहुधा कुणीच केलेला नसतो.

ही तक्रार ‘कारण न सापडलेली’ म्हणून नोंदवली जाते, याचं वाईट वाटतं. तिची बरीचशी कारणं वैद्यकाला कित्येक दशकांपासून माहीत आहेत. पण एक कारण हृदयाच्या विभागात, दुसरं कानाच्या, तिसरं औषधांच्या पुस्तकात, अशी त्यांची पांगापांग झाली आहे.

तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो, हे कळायलाच वेळ लागला. 1820च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर फ्लूराँ यांनी कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. पक्ष्यांना ऐकू येत राहिलं, पण तोल सुटला. 1861 मध्ये पॅरिसच्याच मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की गरगरण्याचा विकार मेंदूतूनच नव्हे, तर कानातूनही उद्भवतो. कानात गार किंवा कोमट पाणी सोडून हा अवयव तपासण्याची रीत रॉबर्ट बाराणी यांनी घालून दिली. त्यांना 1914 सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते.

खरी गोष्ट सुरू होते ती स्ट्रेप्टोमायसिनपासून. 1943 मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी ते वेगळं केलं. क्षयावर तोवर एकही खात्रीचं औषध नव्हतं, त्यामुळे त्याचं स्वागत किती आतुरतेने झालं असेल याची कल्पना करता येते. मेयो क्लिनिकमध्ये ते क्षयरोग्यांना देऊन पाहणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात लगेच आलं की काही रुग्णांचा तोल बिघडतोय. मग रेणूत थोडा बदल करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन बनवलं. ते तोल कमी बिघडवत होतं, पण ऐकू येणं कायमचं घालवत होतं, तेही कधी कधी औषध बंद झाल्यावर. या कुळातल्या औषधांची खोड तेव्हाच दिसली होती : आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी ती मारतात, आणि माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

1952 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरने स्वतःचीच कहाणी लिहिली, नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं देऊन. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिन दिलं होतं. पलंगावर पडून वाचायला जावं तर नाडीच्या ठोक्यासरशी डोकं किंचित हलायचं आणि तेवढ्यानेही पानावरची अक्षरं उडायची. शेवटी पलंगाच्या उशाकडच्या लोखंडी गजांमध्ये डोकं अडकवून तो वाचू लागला. निरोगी माणसाचा आतला कान डोळ्यांना क्षणाक्षणाला सांगत असतो की डोकं इतकं हललं, तुम्ही तेवढे उलट फिरा. तो निरोपच थांबला की चालताना समोरचं जगच हिंदकळतं. दुकानाची पाटी वाचायला थांबावं लागतं. ही कैफियत वाचलेला डॉक्टर पुढे असा रुग्ण समोर आल्यावर चुकायला नको, असं मला नेहमी वाटतं.

पुण्याजवळ पिंपरीत 1954 मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. आपल्याकडच्या असंख्य क्षयरोग्यांना या इंजेक्शनने वाचवलं, आणि ‘टीबीच्या सुया घेतल्या तेव्हापासून कमी ऐकू येतं’ असं सांगणारं कुणीतरी ओळखीत निघतंच.

झडपेच्या रुग्णाशी याचा संबंध जुळतो तो 1963 मध्ये शोधलेल्या जेंटामायसिनमुळे. तेही याच कुळातलं. स्वस्त, आणि पेनिसिलिनच्या जोडीने दिलं तर झडपेवर ठाण मांडलेल्या काही हट्टी जंतूंनाही पुरून उरणारं. झडपेला जंतुसंसर्ग झाला की ते आठवडेच्या आठवडे चालायचं; अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या आगेमागे खबरदारी म्हणूनही काही डोस देण्याची पद्धत होती. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण तरुण वयातच शस्त्रक्रियेला येतात, म्हणजे या नुकसानीसह जगण्याची वर्षंही त्यांच्या वाट्याला जास्त येतात.

जेंटामायसिन सहसा ऐकू येणं शाबूत ठेवून तोल नेतं. ऐकण्याची तपासणी नॉर्मल निघते आणि कानाचा विषय तिथेच संपतो. शिवाय ते दोन्ही कानांचं साधारण सारखंच नुकसान करतं. एकच बाजू गेली तर मेंदूला दोन कानांकडून वेगवेगळे निरोप जातात आणि खोली फिरते. दोन्ही बाजू मिळून गेल्या तर गरगरत नाही. रुग्ण आयसीयूत आडवा असतो तोवर त्यालाही काही कळत नाही. उठून चालायला लागल्यावर भिंतीचा आधार लागतो, अंधारात पाय लटपटतात, आणि छातीवर ताजी जखम असल्याने सगळे अशक्तपणाच धरून चालतात. रक्तातली औषधाची पातळी मर्यादेत असली तरी हे होऊ शकतं, कारण रक्तातून औषध गेल्यावरही आतल्या कानात ते बराच काळ रेंगाळतं. ते शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तीच थकलेली असतात. त्यात पाणी उतरवायला दिलेलं लॅसिक्स शिरेतून जास्त मात्रेत आणि जोरात गेलं, तर तेही कानाला बाधतं. दोन्ही एकत्र आली तर धोका वाढतो.

1993 मध्ये आणखी एक धागा सापडला. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या जनुकात एक छोटासा बदल असलेल्या माणसांना या कुळातलं औषध थोडंसं मिळालं तरी बहिरेपण येऊ शकतं. हा बदल आईकडूनच येतो. म्हणून आई, आजी, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालं होतं का, हा एक प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारण्याजोगा आहे.

दुसरा धागा यंत्राचा. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने हृदयातलं छिद्र बंद केलं आणि उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. 1960 मध्ये ओरेगनमध्ये अल्बर्ट स्टार यांनी अभियंते लोवेल एडवर्ड्स यांच्यासोबत तयार केलेली गोळीची झडप हृदयात बसवली. त्यांची पहिली रुग्ण काही तासांतच दगावली, हृदयात राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे. झडपेच्या शस्त्रक्रियेत हृदयाचे कप्पेच उघडावे लागतात, म्हणून हवा आत राहण्याची भीती बायपासपेक्षा जास्त. जुन्या झडपेवरच्या चुन्याचे कणही सुटतात. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी बारीक, आणि तिला पर्यायी रस्ता नाही. एवढासा कण तिथे अडकला तरी एका कानाचं ऐकणं एका रात्रीत जाऊ शकतं. 1970च्या दशकापासून अशा रुग्णांच्या नोंदी छापून येऊ लागल्या. प्रकार विरळ आहे. मात्र भूल उतरल्यावर ‘एका कानाने ऐकू येत नाही’ असं रुग्ण म्हणाला, तर कानाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायला हवं; उपचारांना मिळणारा अवधी थोडा असतो.

धातूच्या झडपेची टिकटिक हा निराळा प्रकार. 1952 मध्ये चार्ल्स हफनेगल यांनी महाधमनीत बसवलेल्या झडपेचा आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. 1990 पासून रुग्णांमध्ये वापरात आलेल्या तिरुअनंतपुरमच्या चित्रा झडपेत प्लास्टिकची चकती आहे, त्यामुळे तिचा आवाज कमी. रात्रीच्या शांततेत येणारा ठोक्याबरोबरचा आवाज झडपेचा असू शकतो. कानात सतत चालणारी शीळ किंवा गुणगुण झडपेची नाही, तिची तपासणी वेगळी. आणि कृत्रिम झडप असलेल्या माणसाला अचानक चक्कर येऊन बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळा पडला, तर ती कानाची बाब समजून थांबू नये. गुठळी मेंदूत गेलेली असू शकते, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

जेंटामायसिनचं नुकसान ओळखायला मोठं यंत्र लागतंच असं नाही. 1988 मध्ये सिडनीचे मायकेल हालमागी आणि इयान कर्थॉइस यांनी एक साधी चाचणी सांगितली. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे बघत राहायचं, डॉक्टरांनी त्याचं डोकं हातात धरून थोडंसं पण झटक्याने वळवायचं. कान शाबूत असेल तर नजर नाकावरच राहते; नसेल तर ती डोक्याबरोबर सरकते आणि मग उडी मारून परत येते. बाह्यरुग्ण विभागात मिनिटभरात होणारी ही तपासणी आहे. मान दुखत असेल तर आधी सांगावं.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण मेंदू डोळ्यांवर आणि तळपायांवर जास्त भिस्त ठेवायला शिकतो. त्यासाठीचे नजरेचे आणि मानेचे व्यायाम 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी बसवले; आज फिजिओथेरपिस्ट त्यांचीच सुधारलेली रूपं शिकवतात. संसर्गावरच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जेंटामायसिनची जागा आता आक्रसली आहे, तरी कृत्रिम झडपेच्या काही संसर्गांत ते अजून लागतं. तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्डासोबत औषधांचा रोजचा तक्ताही मागून न्यावा. कार्डावर बहुधा ‘अँटिबायोटिक्स दिली’ एवढंच असतं. कोणतं, किती दिवस आणि कोणत्या मात्रेत, हे त्या तक्त्यातच सापडतं.