अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून?

"अक्रोडाचा आकार मेंदूसारखा, म्हणून रोज खा, म्हातारपणी विसर पडणार नाही," असा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. तो पटतो, कारण अक्रोड पौष्टिक आहेच. पण गुण आकारात नाही. असता तर फ्लॉवरचा गड्डाही तितकाच उपयोगी ठरला असता. गुण ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धाम्लाचा (एक प्रकारच्या चरबीचा): १०० ग्रॅम अक्रोडात सुमारे ९ ग्रॅम. जवसात मात्र २० ग्रॅमहून जास्त. अन्नघटकांच्या कुठल्याही तक्त्यात हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बेळगाव-निपाणीकडे भाकरीबरोबर खातात ती जवसाची चटणी महागड्या अक्रोडापेक्षा कमी नाही. जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं बरंचसं न पचताच जातं.

तरी एकट्या जवसानेही विसरभोळेपणा टळत नाही. अभ्यासांत संबंध दिसतो तो वर्षानुवर्षांच्या एकूण आहाराशी: पालेभाज्या, कडधान्यं, फळं. थंडीत मेथी आणि हरभऱ्याचा पाला, पावसाच्या तोंडावर जांभळं. हंगामात स्वस्त, म्हणून भरपूर खाता येतात. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणंही तितकंच महत्त्वाचं.

घरातलं कुणी वारंवार विसरू लागलं तर डॉक्टरांना दाखवाच. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईड हे कारण निघालं, तर त्यावर उपचार आहेत.