एकच पदर, एकच पुरचुंडी : खान्देशातल्या हिवाळी सवयींची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत दिवस मावळताच पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची शेकोटी पेटते. दुपारी अंगातला स्वेटर काढून ठेवावा लागतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. रावेर-यावलच्या बागांत केळीला थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्री बांधावर धूर करतात. घरातही हीच लगबग असते. कानटोप्या निघतात, गोधड्यांना ऊन दाखवलं जातं, सुंठ-गूळ पुढच्या फळीवर येतो.

माझी मोठी माय तव्यावर ओवा टाकायची. तो तडतडला की जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची, पुरचुंडी आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर टेकवून बघायची आणि मग आमच्या छातीला, नाकाला लावायची. "कान बांधी ले, वारा लागी," हे दिवसातून दहादा. नाक वाहिलं की ती लुगड्याच्या पदराने पुसायची. आधी माझं, मग धाकट्याचं, मग चुलत भावाचं. पदर एकच आणि पुरचुंडीही एकच. त्या मायेत काहीच खोट नव्हती. तरी एकाची सर्दी चार दिवसांत पाच जणांना व्हायची, आणि दोष जायचा वाऱ्याला.

हा दोष फार जुना आहे आणि आपल्या शब्दांतच मुरलेला आहे. 'पडसं' आलं संस्कृतातल्या 'प्रतिश्याय'वरून, त्याच्या मुळाशी गोठणं, थिजणं आहे. 'सर्दी' फारसी 'सर्द' म्हणजे थंड, यातून आली. युरोपातही वेगळं नव्हतं. 'इन्फ्लुएन्झा' हा इटालियन शब्द, अर्थ 'प्रभाव'. आधी तो ग्रहताऱ्यांचा मानला गेला आणि मग थंडीचा. त्यामुळे हिवाळ्यातल्या बहुतेक सवयी थंडीला दाराबाहेर ठेवण्याच्या आहेत: तीळ-बाजरी खा, तेल लावा, डोकं झाका, कवाड लावून घ्या.

पण आपल्याकडे दुसरीही समजूत लिहून ठेवलेली होती, आणि ती विसरली गेली याची मला मनापासून हळहळ वाटते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एक श्लोक आहे. अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवणं, एका अंथरुणावर निजणं-बसणं, एकमेकांचे कपडे, माळा आणि उटणी वापरणं यांतून काही रोग माणसाकडून माणसाकडे जातात, असं तो सांगतो. त्या रोगांच्या यादीत ज्वर आहे. म्हणजे श्वास आणि सहभोजन यांकडे बोट आधीच दाखवलेलं होतं. घरोघरी मात्र उरला तो काढा. एका पंगतीला, एका पांघरुणात असण्याबद्दलची सावधगिरी उरली नाही.

ही सावधगिरी खान्देशाला पुन्हा शिकवली ती साथींनी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला (2020 मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला), आणि महाराष्ट्रभर लोक गावं सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागले. दुखणं गर्दीत वाढतं आणि माणसं पांगली की ओसरतं, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं.

मग 1918 ची मानमोडी. आपल्याकडे त्या इन्फ्लुएन्झाला हेच नाव पडलं. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं ते कालगणनेसारखं वापरलं गेलं: अमका मानमोडीच्या साली जन्मला, तमकीचं लग्न मानमोडीच्या आधीचं. मे 1918 च्या अखेरीस पहिल्या महायुद्धातले सैनिक घेऊन आलेलं जहाज मुंबईला लागलं. 10 जूनला गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र माणसं कापत गेली. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. साथ रेल्वेने देशभर पसरली. मुंबईहून उत्तरेला आणि नागपूरकडे जाणारे दोन्ही फाटे भुसावळला फुटतात, त्यामुळे खान्देश तिच्या वाटेवरच होता. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, अंगात ताकद नव्हती. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, देशभरात सव्वा कोटीच्या वर; काही अभ्यासक हा आकडा याहून बराच मोठा धरतात. मेलेल्यांत तरणीताठी माणसं फार होती, आणि भारतात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायची तीच, त्याचं उष्टं काढायची तीच, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायचीही तीच.

धाब्याचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. जाड मातीच्या भिंती, उजेडाला वर एखादं सानं, थंडीत लावून घेतलेलं दार, आत चूल आणि एका ओळीत निजलेली आठ-दहा माणसं. उबेसाठी याहून चांगलं घर नाही. पण एकाचा खोकला रात्रभर सगळ्यांच्या श्वासात फिरायला हेच घर पुरतं, आणि चुलीच्या धुराने घसे आधीच सोललेले असतात.

मानमोडी नेमकी कशाने झाली, हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. जर्मनीच्या रिचर्ड फायफर यांनी 1892 मध्ये एका जिवाणूवर ठपका ठेवला होता, तो चुकीचा ठरला. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू 1933 मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडात वेगळा काढला. साध्या सर्दीसाठी तर 1946 मध्ये इंग्लंडातल्या सॉल्झबरीजवळ एक खास केंद्र निघालं. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं, नंतर ओले मोजे घालून फिरवलं. नुसत्या गारठ्याने कुणाला सर्दी झाली नाही. सर्दीचा विषाणू बाहेरूनच यावा लागतो. ऱ्हायनोव्हायरस हा सर्दीचा सगळ्यांत मोठा धनी 1950 च्या दशकात सापडला. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात झालेल्या प्रयोगांनी दाखवलं की तो हातावरून नाका-डोळ्यांपर्यंत सहज पोचतो. म्हणजे हात, रुमाल, आणि आमच्याकडे पदर.

मग मोठ्या मायचा वारा अगदीच निर्दोष का? तसंही नाही. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गिनिपिगांवर प्रयोग केले. थंड आणि कोरड्या हवेत फ्लू, म्हणजेच इन्फ्लुएन्झा, एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने गेला, 30 अंशांच्या उबेत हवेतून गेलाच नाही. 2015 मध्ये येल विद्यापीठात उंदरांच्या पेशींवर दिसलं की नाकातली हवा गार असली की शरीराचा पहिला पहारा ढिला पडतो आणि ऱ्हायनोव्हायरसला वाढायला मोकळं रान मिळतं. पहाटे मोटरसायकलवर दूध घालायला निघालेला माणूस कानासोबत नाकावरूनही रुमाल घेतो, तो शहाणपणाच करतो. थंडी विषाणू बनवत नाही, त्याला वाट करून देते.

आपल्या एका सवयीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पिणं, बाहेरच्याचं भांडं वेगळं ठेवणं, लांबून हात जोडणं, यांची हल्ली आरोग्याच्या नावाने फार वाहवा होते. यांतल्या पुष्कळ गोष्टींचं मूळ विटाळात आणि जातीत आहे. ज्यांची भांडी ओट्याबाहेर ठेवली गेली, त्यांना कुणी जंतू टाळण्यासाठी लांब ठेवलं नव्हतं. घरातल्या आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवावा, कारण तो आजारी आहे. बरा झाला की पेला पुन्हा सगळ्यांत मिसळावा. इतकाच त्या सवयीचा आज उपयोग आहे.

राखेने किंवा मातीने हात घासणं हीही जुनीच रीत. साबण खेड्यांत पुष्कळ उशिरा रुळला. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. ऱ्हायनोव्हायरसला असं आवरण नाही, त्याला चोळून धुवून काढावं लागतं, म्हणून वीस सेकंद. काढा, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं आणि तेही काही थोडकं नाही. पण त्यांनी संसर्ग अडतो असं समजून आजारी पोराला शाळेत पाठवू नये. वाफेच्या पातेल्याने लहान मुलं भाजतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको.

आणखी एक गोष्ट. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथून खोकला घेऊन येणारे आपल्या लक्षात राहतात, म्हणून फ्लू हा हिवाळ्याचाच आजार वाटतो. महाराष्ट्रात मात्र फ्लूचा मोठा चढ पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो, आणि हिवाळ्यात दुसरा चढ दिसतो. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही 3 ऑगस्टला. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून फ्लूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि म्हातारी माणसं, गरोदर बाया, दम्याचे व मधुमेहाचे रुग्ण यांनी ती पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी. कारण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरात बसते. पुण्या-सुरतेला गेलेले भाऊबंद एका घरात गोळा होतात, रात्रभर जागरण होतं, आणि प्रसादाचे रोट सगळ्यांनी मिळून, घरातच संपवायचे असतात.