सूज असताना दाढ काढायची नाही, हे खरं नाही

"आधी गोळ्या घे, सूज उतरली की मग दाढ काढू" हे इतकी वर्षं ऐकतोय आपण की पेशंटच डेंटिस्टला सांगतात, आत्ता काढू नका, इन्फेक्शन मेंदूत जाईल. असं नाहीये, उलट पू आत कोंडून ठेवला की तो पसरायची भीती वाढते.

होतं काय, कीड खोल गेली की दाताची नस मरते, मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो मग अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं, पूच्या गाठीतही ते नीट पोचत नाही. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि सूज परत येते. खरा इलाज म्हणजे पू बाहेर काढणं आणि दात काढणं किंवा रूट कॅनाल, अँटिबायोटिक जोडीला, तेही ताप असेल, सूज पसरत असेल तर. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही हे मात्र खरंय, पण मग इंजेक्शन थोडं लांब, नसेच्या वाटेवर देतात.

वरच्या सुळ्याचं इन्फेक्शन गालावर चढून डोळा बंद करतं, खालच्या अक्कलदाढेचं जबड्याखाली उतरतं. सगळ्यात वाईट लुडविग्ज अंजायना, १८३६ मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी वर्णन केलेला: जिभेखाली दोन्हीकडे लाकडासारखी कडक सूज, जीभ वर ढकलली जाते, श्वास कोंडतो. तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, तर गोळ्यांचा कोर्स संपायची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.