केंडोतली आरोळी का परतली?

मन, तंत्र आणि शरीर यांचा मेळ हवा, हे जपानी युद्धकलांच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या दालनात, रोज कानावर पडतं. पण तो मेळ साधला की नाही, हे पंचाने कशावरून ओळखायचं? हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐरणीवर आला तो केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, दुसऱ्या महायुद्धानंतर.

बांबूची तलवार, म्हणजे शिनाई, आणि चिलखत १८ व्या शतकापासून सरावात रुळलं. मेइजी काळात (१८६८-१९१२) पोलिसांनी ही विद्या टिकवली. १९३० च्या दशकात ती शाळांत सक्तीची झाली आणि युद्ध पेटल्यावर लष्करी तयारीचाच भाग बनली. साहजिकच १९४५ च्या शरणागतीनंतर शाळांतून तिची हकालपट्टी झाली.

१९५० मध्ये तोडगा म्हणून शिनाई-क्योगी, म्हणजे केंडोचं खेळासारखं सौम्य रूप, पुढे आली. शर्ट-पँट, कातडी खोळीतली मऊ शिनाई, आखलेलं मैदान, ठरलेली वेळ, गुणांची बेरीज. धडक देणं, पायात पाय अडकवणं बंद. इथपर्यंत ठीकच, काही सुधारणा तर हव्याच होत्या. पण ओरडण्यावरही बंदी आली, आणि माझ्या मते घाव वर्मी बसला तो इथे. केंडोत 'मेन!' (डोक्यावरचा घाव) ही आरोळी, शिनाईचा फटका आणि उजव्या पायाची जमिनीवरची थाप एकाच क्षणी पडावी लागते. याला की-केन-ताई म्हणतात, म्हणजे मन, तलवार आणि शरीर यांचा मेळ. आरोळी गेली की तिघांतलं मनच गेलं, उरली नुसती अचूक छडी. केंडोवरची बंदी उठवून घ्यायची तर लष्करी छाप पुसणं भाग होतं, ही त्या काळाची अडचण मान्य. तरी एवढी किंमत द्यायला नको होती.

१९५२ मध्ये केंडोची राष्ट्रीय संघटना पुन्हा उभी राहिली आणि १९५४ मध्ये शिनाई-क्योगीची संघटना तिच्यात विलीन झाली. आरोळी परतली. वेळेची आणि मैदानाची मर्यादा मात्र कायम राहिली.

१९७५ मध्ये तलवारीच्या तत्त्वांच्या सरावातून माणूस घडवणं, अशी केंडोची व्याख्या अधिकृतपणे लिहिली गेली. नियमांतही तोच आग्रह दिसतो. भरलेला जोश, नीट पवित्रा, शिनाईच्या योग्य भागाने योग्य जागी घाव आणि घावानंतरची सावधानता, म्हणजे झानशिन. यातलं एक जरी कमी पडलं तरी गुण नाही. गुण मिळताच मूठ उंचावून जल्लोष केला, तर दिलेला गुणही रद्द होऊ शकतो. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे जपानी युद्धकलांचं शिक्षण, सक्तीचं आहे. ऑलिंपिकपासून मात्र केंडो दूरच आहे. तिथे गेलो तर पदकांपायी झानशिनवर पाणी सोडावं लागेल, ही जपानमधल्या जाणत्यांची भीती मला रास्त वाटते.