सुकलेलं घड्याळ आणि मोडलेलं घड्याळ

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी एचएमटीची दोन जुनी घड्याळं उचलली. एक जनता मॉडेल, एक पायलट, दोन्ही बंद. विकणारा म्हणाला, "फक्त सर्व्हिसिंग करून घ्या, पळायला लागतील." आठवड्याने आमच्या घड्याळवाल्या काकांनी जनता चालू करून हातात ठेवलं आणि पायलट दिलं होतं तसंच कागदाच्या पुडीत परत केलं. "हे सुकलं होतं, ते मोडलंय," म्हणाले आणि पुन्हा डोळ्याला भिंग लावलं.

दुकानाच्या पाटीवर सगळंच 'रिपेअरिंग' असतं, त्यामुळे सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती आपण एकच धरतो. जुन्या घड्याळावर पैसे घालायचे की नाही, हे मात्र त्या दोघांतल्या फरकावरच ठरतं.

जनतासारख्या चावीच्या घड्याळाचं बॅलन्स चाक, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, सेकंदाला पाच ठोके देतं. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. ही सगळी झीज तेलाच्या टिपूसभर थेंबांवर निभावलेली असते. ते तेल काही वर्षांत सुकतं, चिकट होतं, आणि घड्याळ कपाटात ठेवलेलं असलं तरी सुकतं. म्हणूनच "साहेब, वापरलेलंच नाही, नवंकोरं आहे" हे ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण खोलून प्रत्येक भाग धुणं, जागच्या जागी नवं तेल देणं आणि वेळ लावणं. त्यात नवा भाग लागत नाही, म्हणून खर्च आधी सांगता येतो. दुरुस्तीत काहीतरी तुटलेलं, झिजलेलं किंवा गंजलेलं असतं आणि ते बदलावं लागतं. तिथे खर्च कारागीर ठरवत नाही, तो भाग मिळतो की नाही त्यावर ठरतो.

बाहेरून बंद घड्याळं सारखीच दिसतात, पण हातात घेतल्यावर थोडं कळतं. हळूच चावी द्या. चावी कुठेही न अडता फिरतच राहिली तर बहुधा आतली स्प्रिंग तुटलेली आहे किंवा सुटलेली आहे. म्हणजे दुरुस्ती, पण त्यातल्या त्यात सोपी. (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या ऑटोमॅटिकला ही कसोटी लावू नका, त्याची स्प्रिंग भरल्यावर घसरावी अशीच केलेली असते.) चावी भरून अडली आणि घड्याळ तरी गप्प, तर मनगटाने हलका झोका द्या. दहा-वीस सेकंद चालून थांबलं तर माझ्या मते आशेला जागा आहे, कारण बऱ्याचदा ते सुकलेलंच निघतं. झोका देऊनही काहीच हललं नाही तर मागचं झाकण उघडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

इथे एक जुना गैरसमज भेटतो: "चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं." भरलेली स्प्रिंग तर घड्याळाला ढकलत असते. ती असूनही चाकं हलत नसतील तर घाण, सुकलेलं तेल किंवा मोडतोड, यांतलं काहीतरी आहे. चावीचा काही दोष नाही.

दुसरी फसगत उलट्या बाजूची. घड्याळ तासाला दहा-पंधरा मिनिटं पुढे पळतं आणि आपण म्हणतो, गेलं कामातून. खरं तर मोबाइलच्या कव्हरमधल्या किंवा स्पीकरमधल्या लोहचुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. चुंबकत्व काढणारं यंत्र कारागिराकडे असेल तर मिनिटाभराचं काम. ही दुरुस्ती नाही आणि सर्व्हिसिंगही नाही. त्यासाठी कोणी "मशीन बदलावं लागेल" म्हणालं, तर घड्याळ खिशात घालून पुढच्या दुकानात जावं.

गंज मात्र सरळ दुरुस्तीच्या खात्यात. पावसाळ्यात काचेखाली वाफ दिसली की त्याच दिवशी झाकण उघडून वाळवून घ्यायला हवं. आपण तांदळाच्या डब्यात ठेवून आठवडाभर विसरतो, आणि सर्व्हिसिंगमध्ये भागलं असतं ते काम दुरुस्तीवर जातं.

सुकलेलं आणि मोडलेलं यांतली रेघ अशी पुसट आहे. सुकलेलं घड्याळ जबरदस्तीने चालवत राहिलं की चाकांच्या दांड्यांची केसाएवढी बारीक टोकं कोरडीच घासून झिजतात. जुन्या घड्याळाबद्दल "चालू आहे" ही शिफारस मी म्हणूनच मनावर घेत नाही. किमतीत सर्व्हिसिंगचे पैसे मिळवायचे आणि मगच महाग की स्वस्त ते बघायचं. कारागिरालाही एक विचारून ठेवा: पूर्ण खोलणार, की आख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेलाचा थेंब? दुसरा प्रकारही 'सर्व्हिसिंग' म्हणूनच खपतो. काही महिने चालतोही.

आता भागांचं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. घड्याळांची ही कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. नवे भाग बनणं थांबल्यामुळे आता बॅलन्स हवा असेल तर बऱ्याचदा तो दुसऱ्या मेलेल्या एचएमटीतून काढावा लागतो. म्हणजे दुरुस्तीचा खर्च म्हणजे आणखी एक घड्याळ अधिक मजुरी. बाजारात सहज मिळणाऱ्या मॉडेलसाठी हा हिशोब मला पटत नाही, त्यापेक्षा दुसरं चालण्याजोगं घ्यावं. वडिलांच्या हातावरचं असेल तर हिशोबच करू नये, ते वेगळं. पण जुन्या बाजारात घेतलेलं घड्याळ कोणाच्या तरी वडिलांचं असतं, आपल्या नव्हे.

सेलच्या साध्या घड्याळात तर हा वाद फारसा उरतच नाही. सेल बदलून चाललं तर ठीक, नाहीतर आख्खं मशीनच बदलतात. तिथे पाहायचं ते एकच, जुना सेल आत गळला आहे का.

माझ्या पायलटच्या बॅलन्सच्या दांडीचं टोक तुटलेलं होतं, बहुधा पडून. वर डायलही पुन्हा रंगवलेली. त्या पिवळ्याधमक चकाकीवरच मी भाळलो होतो. काकांनी विचारलं, "ठेवताय, की देताय? याची चाकं चांगली आहेत." मी दिलं, आणि त्यांनी जनताच्या बिलातून शंभर रुपये कमी केले.