ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी बघा, पाणी मुरतंय कुठे

मागच्या वेळी मी कार्ड बदललं तेव्हा गेममधल्या एका गजबजलेल्या चौकात जाऊन उभा राहिलो, कारण जुन्या कार्डावर तिथे हमखास अडखळायचं, ४८ एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) मिळायचे. नवीन कार्डावर मिळाले ५१. एवढं करून तीन फ्रेम वाढल्या! पहिल्यांदा वाटलं कार्डच खराब आलंय, ड्रायव्हर पुसून परत टाकला, केबल काढून लावल्या, आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे चालू केले तेव्हा दिसलं की जीपीयू युसेज, म्हणजे कार्डावरची मुख्य चिप किती कामात आहे तो आकडा, फक्त ५४ टक्के आहे. कार्ड जवळजवळ अर्धा वेळ रिकामं बसून होतं.

हे असं का होतं ते समजलं की कार्ड निवडणं खरंच सोपं जातं. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवे असतील तर फक्त ६.९. तेवढ्या वेळात आधी प्रोसेसर ठरवतो की कुठलं पात्र कुठे आहे, गाडी कशाला धडकली, शत्रू कुठे वळला, आणि मग काय काय काढायचं त्याची यादी कार्डाकडे देतो. कार्ड ती यादी घेऊन चित्र काढतं आणि तोपर्यंत प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या मागे लागलेला असतो. दोघांची कामं अशी शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे जो हळू तोच एफपीएस ठरवतो. माझ्याकडे ५१ एफपीएस म्हणजे फ्रेमला साधारण १९.६ मिलिसेकंद लागत होते, त्यातले कार्डाचे जेमतेम साडेदहा, बाकीचा वेळ ते प्रोसेसरच्या यादीची वाट बघत होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून नवीन कार्ड बघायच्या आधी घरातल्या मशीनवर एक टेस्ट कराच. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग) बंद करा, एफपीएसला मर्यादा घातली असेल तर ती काढा, मग गेममध्ये जिथे त्रास होतो तिथेच उभं राहून रिझोल्यूशन एकदम खाली आणा, अगदी ७२०पी. एफपीएस उडी मारून वर गेले तर कार्ड कमी पडतंय, नवीन कार्डाचा फायदा होणार. एफपीएस जागचे हलले नाहीत तर अडचण प्रोसेसरकडे आहे, कितीही महागडं कार्ड घातलंत तरी तिथे फरक पडणार नाही. जीपीयू युसेज ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर तोही कार्ड कमी पडत असल्याचाच इशारा, कार्ड जीव तोडून पळतंय. प्रोसेसरचा एकूण टक्का मात्र बघू नका, तो फसवतो. १६ थ्रेडच्या (एकाच वेळी १६ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण अडकला तर एकूण आकड्यात तो ६ टक्केच दिसतो आणि गेम मात्र त्या एकावरच अडून बसलेला असतो.

रिझोल्यूशन कमी केल्यावर फक्त कार्डाचंच काम का कमी होतं? कारण प्रोसेसरला पात्रं तेवढीच सांभाळायची असतात, स्क्रीन लहान असो की मोठी. कार्डाला मात्र प्रत्येक पिक्सेलचा रंग काढावा लागतो, तेच तेच गणित लाखो वेळा, आणि म्हणूनच त्यात हजारो छोटे कोअर असतात, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डात ३०७२ आहेत. १०८०पी ला २०.७ लाख पिक्सेल होतात, १४४०पी ला ३६.९ लाख, आणि ४के ला जवळपास ८३ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. तेव्हा कार्ड किती मोठं हवं हे आधी तुमचा मॉनिटर ठरवतो. १०८०पी, ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरला ४केचं कार्ड लावलं तर त्याची ताकद बहुतेक वेळ पडूनच राहणार.

आता व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. गेममधल्या एका भिंतीचं ४०९६×४०९६ चं टेक्स्चर, म्हणजे तिच्यावर चिकटवलेलं चित्र, घ्या. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर ते ६४ एमबी होतं. कॉम्प्रेस करून ठिपक्याला एक बाइट केला तर १६ एमबी, आणि लांबून बघताना लागणाऱ्या त्याच्याच छोट्या छोट्या प्रती धरल्या की साधारण २१. पण भिंतीला रंगाचं एक टेक्स्चर पुरत नाही, खडबडीतपणाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, म्हणजे तीन टेक्स्चर, साठेक एमबी झाले. अशा शंभर वस्तू समोर आल्या की ६ जीबी संपले, आणि अजून सावल्या, रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांच्या हिशेबाचा) डेटा, तयार होत असलेल्या फ्रेम हे सगळं बाकीच आहे.

व्हीरॅम भरली की काय होतं? जे मावत नाही ते कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्या रस्त्यावरून, ओढून आणावं लागतं. ४०६० ला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी वाचता येतात, पण मदरबोर्डकडून येणारा त्याचा रस्ता पीसीआय ४.० च्या ८ लेनचा, सुमारे १६ जीबीचा. जुना ३.० चा बोर्ड असेल तर फक्त ८. कुठे २७२ आणि कुठे ८! स्क्रीनवर हे ओळखू येतं: जोरात पळत वळलात की समोरची भिंत साबण फासल्यासारखी गुळगुळीत दिसते, दोन सेकंद उभे राहिलात की विटा उमटतात, किंवा गेम मध्येच गचका देतो. आणि सरासरी एफपीएस मात्र ७० दाखवत असतं! म्हणून कुठल्याही कार्डाचा रिव्ह्यू बघताना सरासरीच्या शेजारचा १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचे एफपीएस) हा आकडा बघत जा, गचके तिथे कळतात.

व्हीरॅम पुरेशी असेल तर टेक्स्चर हाय ठेवल्याने एफपीएस जवळजवळ कमीच होत नाहीत, चित्र मात्र खूप सुधारतं. त्यामुळे १४४०पी साठी ८ जीबीचं जरा फास्ट कार्ड आणि १२ जीबीचं जरा हळू कार्ड यात मी न घाबरता १२ वालं घेईन. सावल्या पुढे कधीही कमी करता येतात, व्हीरॅम वाढवता येत नाही.

मेमरीच्या स्पीडचं गणितही सोपं आहे, बसची (मेमरी आणि चिपमधल्या रस्त्याची) रुंदी गुणिले स्पीड भागिले ८, कारण स्पीड गिगाबिटमध्ये असतो आणि ८ बिटांचा एक बाइट. आधीच्या पिढीतल्या आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीवाली आवृत्ती: १९२ बिट, १५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६०: १२८ बिट, १७ जीबीपीएस, २७२ जीबी. नवीन कार्डाचा आकडा कमी आहे, पण त्यात २४ एमबी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, खूप फास्ट मेमरी) आहे, आधीच्यात ३ एमबी होती, त्यामुळे त्याला मेमरीकडे कमी वेळा जावं लागतं. नुसत्या एका आकड्यावरून दोन पिढ्यांची तुलना करू नका. नावावरूनही नको. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये ६ जीबी आणि ३ जीबी असे दोन प्रकार होते, नाव तेच, पण ३ जीबीवाल्यात कोअरसुद्धा कमी होते, १२८० ऐवजी ११५२. आणि २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरतं, त्यात मेमरीही ४ जीबीच, म्हणजे मेमरी लवकर भरणार आणि वर जुन्या बोर्डवर रस्ताही अरुंद. जुनं मशीन अपग्रेड करणाऱ्यांनी लेन बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

डीएलएसएस, एफएसआर वगैरे (चित्र लहान काढून मग मोठं करणाऱ्या सोयी) कामाच्या गोष्टी आहेत, ४के वर क्वालिटी मोडला आतलं चित्र १४४०पीचं असतं त्यामुळे कार्डाला काढायचे पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. पण प्रोसेसर कमी पडत असेल तर त्यांचा उपयोग नाही. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालणं) तिथेही आकडा वाढवतं, मात्र दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायला दुसरी खरी फ्रेम थांबवून धरावी लागते, म्हणून माउसचा प्रतिसाद उलट किंचित उशिराच येतो. मुळात ३० एफपीएस असतील तर ते हाताला लगेच जाणवतं.

पॉवर: स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या एका कनेक्टरमधून १५०. ४०६० ११५ वॅटचं, ४०९० ४५० वॅटचं. पण मोठी कार्डं काही मिलिसेकंदांसाठी याच्या बरंच वर झेप घेतात आणि कमजोर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तेवढ्यात मशीन बंद करतो, तेव्हा थोडी जागा सोडूनच एसएमपीएस घ्या. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का तेही टेप लावून मोजा.

माझ्या मशीनमध्ये शेवटी त्याच बोर्डवर चालणारा वरचा प्रोसेसर टाकला. त्याच चौकात आता ८८ एफपीएस मिळतात आणि जीपीयू ९३ टक्क्यांवर असतो. तरी पहिल्या दिवशी चित्र काही हलकं वाटेना, मग डिस्प्ले सेटिंग उघडलं तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत होता. तो बदलला आणि परत चौकात गेलो.